कोल्हापुरात ४१ हजार की चाकणला दुप्पट पॅकेज? डोकं चालंना झालंय

रंकाळ्याकाठी (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३२. डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर नोकरी करत करत डिग्री उरकली. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. कास्टिंग बाहेरनं येतंय, आम्ही मशीनिंग करून पुढं पाठवतो. सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन), पीपीएपी (कस्टमरकडनं पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), कस्टमर ऑडिट, रिजेक्शनवरनं फौंड्रीवाल्याशी भांडण, सगळं माझ्याच गळ्यात. हातात ४१ हजार येतात आणि दिवाळीला एक पगार बोनस. घर स्वतःचं, म्हणजे वडिलांचं, पाचगावात. बाईकवर कंपनी पंधरा-वीस मिनिटं. साडेसहाला घरात असतो, पोरगी चार वर्षांची आहे, गेटचा आवाज आला की चप्पल घालून तयारच असते, मग एक चक्कर मारायलाच लागते. बायको खाजगी शाळेत शिकवते, १४ हजार. पोरगी दिवसभर आईजवळ. आईचे गुडघे आता दुखायला लागलेत पण चालतंय.

तर झालंय असं की आमच्या कस्टमरकडचे एक साहेब पुण्याजवळ चाकणला दुसऱ्या कंपनीत गेले, त्यांनी बोलावून घेतलं, इंटरव्ह्यू झाला आणि ऑफर आली, सीटीसी (म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा सगळा खर्च) १० लाख ८०. आत्ताचं माझं ५ लाख ८० आहे. म्हणजे जवळजवळ डबलच की. मावसभाऊ म्हणतोय येड्या विचार कसला करतोस, सही कर. वडील काहीच बोलत नाहीत, नुसतं पेपर वाचत बसतात, म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते कळलंच. बायको म्हणते तुम्ही ठरवा, आणि हे ती ज्या सुरात म्हणते ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

इथं सेठ वर्षाला दोन-अडीच हजार वाढवतात, ते पण मागितल्यावर. पण इथं जगणं सुखाचं आहे हेही खरं. दहा दिवसांत कळवायचंय. अनुभवी लोकांनी जरा सांगा, पैसा बघावा का सुख बघावं?

आठ_चौदा (सोमवार, सकाळी ८:३१)

लोकलमधूनच लिहितोय, टायपो माफ.

मी डोंबिवलीचा. ११ वर्षं लोअर परळला नोकरी केली. ८:१४ ची फास्ट, दादरला उतरायचं, पूल चढून वेस्टर्नला यायचं, पुन्हा गाडी. दारातून दारात दीड तास, तेवढाच परत. एकदा असाच कसारा गाडी रखडली म्हणून प्लॅटफॉर्मवर मोबाईलवर हिशोब केला. रोजचे ३ तास, वर्षाचे साधारण २७० दिवस, झाले ८१० तास. म्हणजे ३४ दिवस आणि ३४ रात्री. दर वर्षी. ११ वर्षांचं गणित केलं तर एक अख्खं वर्ष मी लोकलमध्ये जगलोय, त्यातले निम्मे महिने तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्ध्या बुडानं. त्या दिवशी ऑफिसला पोचलो आणि कामच सुचेना.

मुलगी दुसरीत असताना एका रविवारी सकाळी मला म्हणाली, बाबा तू आज घरी राहतोस का? जसं पाहुण्याला विचारतात तसं. मी हो म्हटल्यावर आईला सांगायला पळाली.

शेवटी ठाण्यात नोकरी धरली, पगार १५ टक्के कमी. आता डोंबिवली-ठाणे, संपला विषय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले लोक खाली पडले, त्या बातमीनंतर बायकोने पगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

फक्त एक खरं सांगतो, नाहीतर तू म्हणशील हा नुसता रडतोय. ग्रुपची आठवण येते. दसऱ्याला डब्याला हार घालायचो, शुक्रवारी भजन, एकाच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी सात जणांत. तसे मित्र पुन्हा नाही झाले. पण त्यासाठी वर्षाचे ३४ दिवस? नाही बाबा.

तुला घरी पोचायला पंधरा मिनिटं लागतात. या पंधरा मिनिटांना आमच्याकडे किती भाव आहे तुला कल्पना नाही.

चाकणकर_मूळचा_गडहिंग्लजचा (सोमवार, दुपारी १:१५)

वरच्या दादांचं मुंबईचं गणित चाकणला लावू नका राव. मी २०१२ साली आलो, तुझ्यासारखाच, क्वालिटीतच. तेव्हा हातात १४ हजार होते आणि चौघांत एक खोली. आज १९ लाखांवर आहे, मोशीला फ्लॅट आहे, हप्ता चालू आहे पण आहे.

मुद्दा पगाराचा नाहीच. कोल्हापुरात तू कंपनी सोडलीस की संध्याकाळपर्यंत सगळ्या एमआयडीसीला कळतं. मालक एकमेकांच्या लग्नात असतात, एकाच क्लबात बसतात. एकाकडं सोडलास की दुसरा पहिल्याला फोन लावूनच तुझा पगार ठरवणार. म्हणून तर नऊ वर्षांत ४१ हजार! राग मानू नको. इकडं मी चार कंपन्या बदलल्या, घर एकदाच बदललं. पोरांची शाळा तीच, दूधवाला तोच, फक्त सकाळी बस वेगळी. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, एवढा पट्टा आहे हाताशी. हे स्वातंत्र्य पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

आता वाईट पण सांगतो. मोशी ते चाकण बारा-तेरा किलोमीटर. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघालो तर पंचवीस मिनिटं, जनरल शिफ्टला सव्वा तास पण लागतो, चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलर आडवा आला की बसमध्ये दुसरी झोप होते. पाणी पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड आहे, तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं, अजून तात्पुरतंच आहे. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर, त्याचं कॉन्ट्रिब्युशन वेगळं. आणि २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पाच-सहा दिवस रस्ता बंद, आई-वडील तिकडं, मी इकडं टीव्हीसमोर बसलेलो. ते दिवस विसरत नाही.

तरीपण ये म्हणतो. ३२ ला नाही आलास तर ३८ ला तुला कोण बोलावणार नाही.

पगारपत्रक (सोमवार, रात्री ९:०५)

मी पेरोलमध्ये आहे, रोज हेच बघते, त्यामुळे भावना बाजूला ठेवून आधी कागद बघू. १० लाख ८० म्हणजे महिन्याला ९० हजार असं मनात धरून बसला असाल तर ते काढून टाका. तुमचं ऑफर लेटर माझ्यासमोर नाही, पण अशा पॅकेजची नेहमीची मोडणी सांगते, आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

१० टक्के व्हेरिएबल धरा, म्हणजे १ लाख ८ हजार, ते वर्ष संपल्यावर कंपनीची आणि तुमच्या साहेबांची मर्जी असेल तसे. उरले ९ लाख ७२. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना ४० हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४,८०० रुपये, वर्षाचे ५७,६००, तोही सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण २३ हजार, ही तुम्ही कायम कामगार म्हणून पाच वर्षं टिकलात तर हातात. मेडिक्लेमचा हप्ता १२ हजार धरू. हे सगळं वजा जाता महिन्याला ग्रॉस आलं ७३ हजारांच्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८००, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००), बस-कँटीन दीड हजार. हातात ६६-६७ हजार. टॅक्सची भीती नको, २०२५-२६ पासून नव्या टॅक्स रिजीमला पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य टॅक्स आहे. फक्त त्या रिजीमला घरभाड्याची सूट मिळत नाही, पण टॅक्सच नाही तर सूट घेऊन करायचं काय.

म्हणजे खरा फरक महिन्याला पावणेसव्वीस हजार. आता खर्च. टू बीएचके मोशीला भाडं १९ हजार, मेंटेनन्स अडीच. शाळेची फी आत्तापेक्षा महिना चार हजार जास्त. दूध-भाजी-गॅस-पेट्रोल सगळं मिळून तीन हजार जास्त, कारण आत्ता आई शेतातलं काय काय आणत असतील ते तुम्ही कधी मोजलंच नसणार. आई-वडिलांसाठी महिन्यातून दोन चकरा, तिघांची तिकिटं आणि वरखर्च, पाच हजार. झाले साडेतेहतीस. म्हणजे दुप्पट पगार घेऊन महिन्याला साडेसात-आठ हजारांनी खाली! त्यात वहिनींचे १४ हजार बंद झाले तर खड्डा २१-२२ हजारांचा. वर डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं आणि अकरा महिन्यांनी मालक परत वाढवणार.

पण एकच बाजू सांगितली तर अन्याय होईल. आत्ता तुमचा पीएफ बहुतेक १५ हजारांच्या मर्यादेवर कापत असतील, १,८०० तुमचे आणि १,८०० त्यांचे. तिकडे दोन्ही मिळून ९,६००. म्हणजे महिना सहा हजार जास्त साठतात, दिसत नाहीत पण ते तुमचेच. आणि पुढची वाढ ४१ वर नाही, या आकड्यावर मिळणार.

एक प्रश्न विचारायचा राहिला. वीकली ऑफ कधी आहे ते बघितलंत का? भोसरी पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, चाकणलाही काहींना. शाळांना रविवार. वहिनींना तिकडे शाळेत नोकरी लागली तर तुम्ही दोघं एकाच घरात राहून एकमेकांना सुट्टीच्या दिवशी भेटणार नाही.

आठ_चौदा (सोमवार, रात्री ९:२०)

गुरुवारचा मुद्दा बाप आहे. _/\_

कृष्णेकडची (मंगळवार, दुपारी ३:४८)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पगारपत्रक ताईंचा हिशोब चोख आहे पण त्यात एक ओळ खटकली आणि ती त्यांची चूक नाही, सगळेच असं लिहितात. "वहिनींचे १४ हजार वजा." झालं, एका ओळीत संपल्या वहिनी.

मी सांगलीची. बी.एड. आहे, अनुदानित शाळेत कायम व्हायच्या उंबरठ्यावर होते, नवऱ्याला हिंजवडीला नोकरी लागली आणि आलो. माझे पण तेव्हा असेच थोडेथोडकेच हजार होते, कोणी विचारलं पण नाही. इकडे इंग्लिश मीडियमवाल्यांनी इंटरव्ह्यूत पहिल्या वाक्याला माझं इंग्लिश ऐकून डोळे बारीक केले. दोन वर्षं ट्यूशन घेतल्या, मग बाळ, मग गॅप, आता आठ वर्षं झाली. वजा झालेले हजार परत जमेला आलेच नाहीत. ते १४ हजार म्हणजे सकाळी साडी नेसून घराबाहेर पडणं असतं, बाई म्हणून हाक मारणारी तीस पोरं असतात.

आता दुसरी बाजू, ती मात्र तुम्हाला बायको कधी सांगणार नाही म्हणून मी सांगते. तुम्ही लिहिलंय "इथं जगणं सुखाचं आहे." कुणाचं? तुम्ही साडेसहाला येता तेव्हा ती शाळेतून येऊन स्वयंपाकाला लागलेली असते ना? मी पुण्यात आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या घराची किल्ली पर्समध्ये टाकली. गाडी शिकले. संध्याकाळी कुठे चाललीस हे विचारणारं कोणी नव्हतं. रविवारी दहाला उठले तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. पहिलं वर्ष रडले आणि दुसऱ्या वर्षी परत चल म्हणाले असते तर मी गेले नसते. तुमच्या आई चांगल्याच असतील, माझ्या सासूबाई पण चांगल्या आहेत, हा मुद्दाच नाही.

"तुम्ही ठरवा" हे उत्तर नसतं हो. बसा आणि विचारा, आणि आईसमोर नको, बाहेर घेऊन जा.

रंकाळ्याकाठी (मंगळवार, रात्री १०:५५)

ताई, एकदम वर्मावर बोट ठेवलंत. उद्या घेऊन जातो बाहेर. बाकीच्यांना सविस्तर लिहितो, हिशोब वाचून झोप उडालीय. पीएफ खरंच १,८०० च आहे, बघितलं.

श्टुटगार्टवाला (बुधवार, पहाटे २:१०)

मी साताऱ्याचा, सहा वर्षं इकडे जर्मनीत, गाड्यांच्याच धंद्यात. थोडक्यात लिहितो. इथे पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा, प्रत्यक्षात आम्हाला ३० आहेत. आजारी पडलो तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. पाचला लॅपटॉप बंद केला की कोणी फोन करत नाही. एकटा असताना पगारातला ३५-४० टक्के भाग टॅक्स आणि विम्यात जायचा, तरी तक्रार नव्हती.

पण रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, बाल्कनीत ड्रिल मशीन लावलं तर शेजारी चिठ्ठी टाकतो. वडील गेले तेव्हा मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर होतो. आणि नोकरी पक्की म्हणावी तर गेल्या दोन वर्षांत इथल्याच मोठमोठ्या पार्ट कंपन्यांनी हजारो माणसं कमी करायचं जाहीर केलंय, कँटीनमध्ये दुसरा विषय नसतो.

क्वालिटी ऑफ लाइफ म्हणून लोक जे सांगतात ते दुपारी दिसतं. संध्याकाळी सहानंतर काय करतोस ते बघ. तुझ्याकडे ते आहे, मी त्याचे फोटो बघतो.

गोदाकाठचे_काका (बुधवार, सकाळी ६:२०)

चिरंजीव, मी एकसष्ट वर्षांचा आहे. तुमच्यासारखाच प्रश्न मला १९९४ साली पडला होता आणि मी सुख निवडलं. त्याची गोष्ट सांगतो.

सातपूरला एका कारखान्यात होतो. मुंबईहून बोलावणं आलं, पगार दीडपट. तेव्हाचं नाशिक म्हणजे काय सांगू, उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागायचं, कॉलेज रोडवरून सायकलने दहा मिनिटांत घर. मुंबईवाल्यांना नाही कळवलं. पुढची दहा वर्षं इतकी सुखात गेली की मी लोकांना सल्ले द्यायचो, बाबांनो पैशामागे धावू नका.

मग कारखाना बंद पडला. एका दिवसात नाही, आधी ओव्हरटाइम गेला, मग एक शिफ्ट, मग पगार पंधरा तारखेला, मग पंचवीसला. मी चाळिशीचा, एकाच मशीनवर एकाच तऱ्हेचं काम केलेला. नाशकात सगळीकडे फिरलो, जिथे तिथे एकच, बघू, कळवतो. मुलगा दहावीला. शेवटी नोकरी मिळाली ती कुठे? मुंबईत. घर हलवणं शक्य नव्हतं, म्हणून पंचवटी एक्सप्रेसचा पास काढला आणि सहा वर्षं नाशिकरोड ते व्हीटी रोज गेलो आणि आलो. पहाटे पाचला उठायचं, सातच्या सुमाराला गाडी, कसारा घाटात चहा, साडेदहा-पावणेअकराला मुंबई. संध्याकाळी सव्वासहाची परत, घरी दहा. सकाळी घाटात गाडी हळू व्हायची तेवढी पाच मिनिटं मी दारात उभा राहायचो, पावसाळ्यात धबधबे दिसायचे, एवढीच काय ती क्वालिटी ऑफ लाइफ. ते डोंबिवलीवाले तीन तास म्हणतात, माझे सात-साडेसात होत.

तीस वर्षांचा असताना दीड तासाचा प्रवास नको म्हणून नाही म्हणालो आणि पन्नाशीच्या तोंडावर सात तास केला. सुख निवडलं याचा पश्चात्ताप नाही. पण सुखात असताना हात चालवत ठेवले नाहीत, नवं काही शिकलो नाही, दोन दारं उघडी ठेवली नाहीत, याचा आहे.

तुम्ही पगार आणि सुख तराजूत टाकलंय. माझ्या मते तिसरी गोष्ट टाका. उद्या सेठने शटर खाली ओढलं तर कोल्हापुरात तुम्हाला ४१ हजार देणारे किती जण आहेत? कागद घ्या, नावं लिहा. पाच झाली तर खुशाल राहा. एकच झालं तर चाकणला जा, भले महिन्याला तोटा होवो.

चाकणकर_मूळचा_गडहिंग्लजचा (बुधवार, सकाळी ९:३०)

काका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही बरोबर म्हटलंत. मी उगाच मालकांच्या लग्नात गेलो.

पगारपत्रक (बुधवार, सकाळी ११:००)

कृष्णेकडची, मान्य. "वजा १४" असं मी रोज लिहिते, कधी खटकलं नव्हतं.

रंकाळ्याकाठी (पुढचा बुधवार, रात्री ११:१०)

मंडळी, उशीर झाला, पण गप्प बसलो नव्हतो.

पहिलं म्हणजे बायकोला घेऊन गेलो बाहेर, पोरगीला आईजवळ ठेवून. तासभर ती काहीच बोलली नाही, भेळ खाल्ली नुसती. मग म्हणाली, पुण्याला जायला माझी ना नाही, पण शाळेतल्या पोरांचं वर्ष पुरं करून, मार्चनंतर. आणि म्हणाली, तुम्हाला कोल्हापूर आवडतं का कोल्हापुरातलं आईच्या हातचं जेवण आवडतं ते आधी ठरवा. कृष्णेकडच्या ताई, तुम्ही तिला ओळखता का हो?

दुसरं, शुक्रवारी रात्रीच्या बसनं गेलो चाकणला. स्वारगेटला पहाटे उतरलो, मुद्दाम कंपनीच्या वेळेला मोशीतनं शेअर रिक्षा धरली. तळेगाव चौकात नुसते उभे राहून २२ मिनिटं गेली, मोबाईलवर लावून बघितली. कंपनी मात्र बघून बरं वाटलं राव. आमच्याकडं एक सीएमएम आहे आणि एसी बिघडला की त्याची रीडिंग हलतात, तिथं तीन आहेत, वेगळी रूम, टेंपरेचर बोर्डावर लिहिलेलं. एचआरला वीकली ऑफ विचारलं. गुरुवार! व्हेरिएबल पण १० नाही, १२ टक्के निघालं. पगारपत्रक ताई, तुमच्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात महिन्याला दोन हजारांचा पण फरक नाही.

तिसरं, काकांचा कागद. रविवारी बसलो लिहायला. आधी दोनच नावं आली आणि पोटात गोळा आला. मग डोकं चालवलं, कोण कोण कस्टमर, कुठल्या ऑडिटला कोण भेटलं, कुणाकडं आपली माणसं गेलीत. सात झाली. त्यातली तीन कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीला. नऊ वर्षं इथं आहे आणि कधी कुणाला फोन नव्हता केला, म्हणजे चूक मालकांच्या क्लबाची जेवढी तेवढीच माझी. सोमवारी दोघांना केला. एकानं ऐकून घेतलं आणि बघू म्हणाला. दुसरा म्हणाला ५५ पर्यंत जमेल, शनिवारी येऊन भेट, सीएमएमचं प्रोग्रॅमिंग स्वतः करतोस का? करतो म्हटलं. घरापासनं वीस-बावीस किलोमीटर, हायवेचं काम चाललंय म्हणून पाऊण तास धरा.

सेठना पण सांगितलं, ऑफर आहे म्हणून. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, मग म्हणाले दिवाळीनंतर बघू. नऊ वर्षांतली ही नववी दिवाळी.

चाकणवाल्यांकडं मार्चपर्यंत मुदत मागितलीय, बहुतेक देणार नाहीत. आईला अजून कागलचं काही सांगितलेलं नाही, ती लोणच्याच्या बरण्या बघून ठेवतेय चाकणला न्यायला, दोन मोठ्या आणि एक छोटी.

आठ_चौदा (गुरुवार, सकाळी ८:२९)

कागलला वीकली ऑफ कधी असतो ते आधी विचार.